शेंदराखालची

माझ्या सासरची कुलदेवी इंग्रजीत निघाली. घरभर जमलेल्या माणसांसमोर ते मोठ्याने वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली आणि पहिल्याच शब्दाला मी अडले.

साठच्या दशकात लग्न होऊन मी माहीमला आले. मुंबईतलं माहीम नव्हे. पालघरच्या पश्चिमेला, केळव्याच्या शेजारचं. हा खुलासा मी पुण्याच्या नातेवाइकांना अजूनही करते. समुद्राच्या अंगाला कोळीवाडा, आत केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या. आमची वाडी पानवेलींची. मी पालघरच्या शाळेत इतिहास शिकवायला जात असे. नवरा बोईसरला उतरून पुढे तारापूरला जाई. तिथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, आणि तो नकाशे काढायच्या खात्यात होता. म्हणजे घरात एक माणूस मागचं शिकवणारं आणि एक पुढचं आखणारं. आजचा दिवस सांभाळायला देवी होती.

देवी म्हणजे शेंदराचा मुठीएवढा गोळा आणि त्यात बसवलेले चांदीचे दोन डोळे. नाक नाही, हात नाहीत. लग्नानंतर मला पाया पडायला लावलं तेव्हा मी त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. माझं मत फारसं चांगलं झालं नाही. त्यांचंही झालं नसावं.

आत काय आहे ते हयात माणसांपैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. दर मंगळवारी माझे सासरे तेलात शेंदूर कालवून तिला लावत. त्यांच्या आधी त्यांचे वडील लावत, त्यांच्या आधी आजोबा. आजोबांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ते देवीचा टाक घडवून घ्यायला सोनाराकडे गेले. सोनार म्हणाला, "घडवायचा कशाला? माझ्याकडे तयार आहे. पण सांगून ठेवतो, ही इथल्या माणसाच्या हातची नव्हे." आजोबांनी पाहिलं तर चांदीची देवी, उभी, आणि जवळ सिंह. त्यांनी दुकानातच दंडवत घातला. सोनार खरं तेच बोलला होता, हे कळायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. ते खादी वापरत, आणि इंग्रजी शब्द तोंडात येऊ देत नसत. टांगेवाल्याला "स्थानकावर घे" म्हणत. टांगेवाला विचारी, "कुठल्या थानावर, काका?" मग दोघं एकमेकांकडे बघत बसत. बेचाळीसच्या ऑगस्टात पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, त्यात ते होते. निघताना त्यांनी देवीच्या अंगावरचा शेंदूर बोटाने कपाळाला लावला आणि "राख गो बाय" एवढंच म्हणाले. पुढे गोळीबार झाला. त्यांच्या बाजूने चालणारा माणूस पडला. हे परत आले. या गोष्टीत ते पराक्रम कधी घालत नसत. "मी काय केला नाय," ते म्हणत. "तिनं राखला."

दरवर्षी पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी सभा होई. बेचाळीसला जे माळ्यावर लपले होते ते व्यासपीठावर बसत आणि मामंजी मागे सतरंजीवर. हार, सत्कार, 'दोन शब्द' म्हणून केलेली दोनशे वाक्यं, या सगळ्यांचा मला आधीपासून तिटकारा. सतरंजीवर बसणारा माणूस सासरा म्हणून मिळाला, हे त्या घरातलं माझं मोठं समाधान होतं.

पासष्टची लढाई होऊन वर्ष व्हायचं होतं. गावोगाव जवानांच्या नावाने कमानी उभ्या राहत होत्या. अशातच ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी देवघरातून मामंजींची हाक आली. "अगो, इकडे ये! सगळी या! देवीनं खोळ टाकली!"

शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत जातात आणि एक दिवस आपल्याच भाराने सुटतात, नारळाची करवंटी सुटावी तसे. त्याला खोळ टाकणं म्हणतात. ज्याच्या हातून पूजा होताना खोळ पडते तो भाग्यवान. पडलेली खोळ समुद्रात सोडायची आणि आतलं मूळ रूप पूजायचं, अशी रीत. मी देवघरात पोचले तेव्हा खोळ ताम्हनात दोन तुकडे होऊन पडली होती, एकेक डोळा एकेका तुकड्यावर. मामंजी हात जोडून रडत होते.

पाऊण तासात घर भरलं. कोळीवाड्यातून बायका आल्या, वाड्यांतून माणसं आली. शेजारची म्हातारी सगळ्यांत पुढे.

"सिंव हाय गो, सिंव! आजा खोटा नाय बोलला."

"आनि हातात काय? हार हाय काय?"

"दुसऱ्या हातात ढाल बघ. महिसासूर मारायला निघालेली दिसते."

"डोक्यावर बघ, मुकुट. आनि वर काय ता? अक्षरां हायत! अक्षरां उमटलीत!"

सासूबाईंनी वळून मला पुढे ओढलं. "आमची सूनबाय बीए हाय. सर गो, वाचू दे तिला. वाच मोठ्यानं."

मी वाकले. तेलामुळे चांदी काळवंडली होती, पण झिजली अजिबात नव्हती. रुपयाहून थोडी मोठी गोल चकती. तीवर उभी बाई. डोक्यावर शिरस्त्राण, एक हात पुढे करून त्यात पानांचा हार, दुसऱ्या हातावर ढाल, मागे सिंह. ही बाई माझ्या ओळखीची होती. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जाड इंग्रजी पुस्तकांत ती पानोपानी उभी असे, समुद्रावर राज्य करीत: इंग्रजांची देशमाता. ती इथे, आमच्या घरात, झेंडूच्या फुलांत, कशी आली?

"वाच ना गो!"

"इंडिया," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"हिंदुस्थान. पण..."

माझ्या 'पण'कडे कोणी लक्ष दिलं नाही. सिंहवाली बाई आणि वर हिंदुस्थान! मागून कोणीतरी ओरडलं, "भारतमाता!" घर दणाणलं. "खाली आकडे हायत, ते वाच!" मी वाचले, आकडे तर आकडे, ते काही माझ्या हातात नव्हते. "अठराशे सत्तावन्न, अठ्ठावन्न."

मग विचारूच नका. सत्तावन्नची भारतमाता आमच्या देव्हाऱ्यात शंभर वर्षं शेंदराखाली दडून बसली होती, आणि बेचाळीसला तिनेच मामंजींना राखलं, हे सगळं एका क्षणात सगळ्यांना पटलं. मामंजी तर भिंतीला टेकून खाली बसले. मला अजून बरंच वाचायचं होतं. पण वर्गाचा माझा अनुभव असा की मनाजोगतं उत्तर मिळालं की मुलं पुढचं ऐकत नाहीत.

पुढचं मी दुसऱ्या दिवशी वाचलं. नवऱ्याने कामावरून भिंग आणलं होतं. पायाखाली आसन म्हणून सोनाराने डाख देऊन बसवलेली एक चांदीची पट्टी होती, तीवर 'सेंट्रल इंडिया'. चकतीच्या काठावर बारीक ठोकलेल्या अक्षरांत एका गोऱ्या शिपायाचं नाव आणि त्याची पलटण. मी चकती उलटी केली. मागे एका बाईचा चेहरा, बाजूने काढलेला, आणि त्याभोवती विलायतेच्या राणीचं नाव.

नवरा म्हणाला, "हे काय आहे?"

"पदक."

"कसलं?"

"सत्तावन्नचं. लढलेल्यांचं नाही, लढलेल्यांना मोडणाऱ्यांचं. ही पट्टी मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेची. कुठली गावं ते तुला माहीत आहे."

"झाशी?"

"झाशी."

त्याने भिंग खाली ठेवलं. एवढ्यात सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्यांनी मागचा चेहरा पाहिला आणि हरखल्या. "अगो बाय! पाठीला मुखवटा पन हाय! आनि अंबाडा बघ कसा घातलाय, वर काय बांधलंय. आपल्याच कुळातली दिसते." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विलायतेच्या राणीच्या कपाळाला कुंकू लावलं. विधवा बाई ती, तिच्या देशात काळे कपडे घालून चाळीस वर्षं बसलेली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

ते पदक सोनाराकडे कसं आलं असेल याचा अंदाज करणं अवघड नाही. पलटणीतला शिपाई, मुंबईची छावणी, दारूची तहान. आपला पराक्रम त्याने बाटलीसाठी विकला असेल, आणि त्याच्या पराक्रमाला आम्ही शंभर वर्षं पुरणाचा नैवेद्य दाखवला.

हे सगळं घरातल्या घरात जिरलं असतं. पण तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. गावच्या कुठल्याशा समितीचे अध्यक्ष. समिती कुठली ते दर वर्षी बदले, अध्यक्ष तेच असत. ओट्यावर बसून त्यांनी बेत सांगितला. स्मृतिदिनाला माहीमहून पालखी निघणार. बँड. पालघरात कमान. आणि हुतात्मा स्तंभापाशी पालखी थांबली की मामंजींनी स्वतः देवी हातांत घेऊन पायऱ्या चढायच्या आणि तिला स्तंभाच्या पायाशी ठेवायची.

"काका, साक्षात सत्तावन्न बेचाळीसला भेटणार!" हे वाक्य त्यांना तिथेच सुचलं आणि इतकं आवडलं की चहा येईपर्यंत त्यांनी ते आणखी दोनदा म्हटलं.

मला वाटलं, मामंजी नेहमीसारखं "मला काय जमायचं नाय" म्हणतील. ते म्हणाले, "येतो. तिच्यासाठी येतो."

जन्मभर सतरंजीवर बसलेला माणूस पायऱ्या चढायला तयार झाला होता, आणि हातात काय घेऊन? जिथे त्यांच्या बाजूचा माणूस गोळी लागून पडला त्या जागी ते असल्याच गोळ्यांचं बक्षीस नेऊन ठेवणार होते. स्वतःच्या हाताने, हळद-कुंकू लावून.

नवरा म्हणाला, "राहू दे. त्यांच्यासाठी ती देवी आहे. देव कोणाला म्हणायचं ते माणसंच ठरवतात."

"आणि तिथे कोणी वाचलं तर? तुझ्या तारापूरचे इंजिनियर येतील, शाळेचे मास्तर येतील. फोटो काढतील."

"नाही वाचणार कोणी."

"मी वाचलंय ना!" मी म्हणाले.

मी मामंजींना दुपारी वाडीत गाठलं. केळीच्या सोपटाने ते पानवेल बांधत होते. मी जे सांगायचं ते वळसे न घेता सांगितलं. वळसे घेतले असते तर पोचलेच नसते. हात चालू ठेवून ते ऐकत राहिले.

"शिपाई कुठला?"

"गोरा."

"लढला कुठे?"

"मध्य हिंदुस्थानात. त्या मोहिमेत झाशी होती."

त्यांनी गाठ मारली, सोडली, परत मारली. "आनि पाठीवरची ती बाय?"

"त्यांची राणी."

"म्हंजे एका राणीवर चालून गेला, म्हनून दुसऱ्या राणीनं दिला." ते थांबले. "आनि बेचाळीसला मी तिलाच सांगून गेलो. राख म्हनून."

ते त्या वेलाकडे बघत उभे राहिले.

"राखला तर खरा तिनं," ते म्हणाले. "तिला मी तिचाच शिपाय वाटलो असेन."

आणि ते हसले. खोकल्यासारखं, एकदाच. त्या हसण्याने मी जितकी हादरले तितकी पदक वाचून हादरले नव्हते. चोवीस वर्षं जे जीवदान म्हणून सांगितलं, त्याची त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत थट्टा केली होती, आणि ती थट्टा माझ्यामुळे त्यांच्या हाती आली होती. वेल अर्धा बांधलेला सोडून ते घरी गेले. तसा वेल मी त्यांच्या वाडीत पुन्हा कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूजा केली नाही. सासूबाई देवघराच्या उंबऱ्यात येरझाऱ्या घालू लागल्या. "देवी पारोशी रायली! काय झाला तुमाला? पोरी, तू काय बोललीस काय यांना?" मामंजी म्हणाले, "तिनं वाचला फक्त. लिवनारा दुसरा हाय."

संध्याकाळी अध्यक्ष मांडववाल्याला घेऊन आले. मामंजी ओट्यावर बसले होते.

"काका, पालखीला भगवी झालर लावू का तिरंगी?"

"पालखी नको. देवी यायची नाय."

"का? कौल दिला?"

"नाय. ती नोकरीत होती."

"कोणाच्या?"

"सरकारच्या. तवाच्या."

मग त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं, मांडववाल्याच्या देखत. अध्यक्षांचा चेहरा उतरला. पण असे चेहरे फार वेळ उतरलेले राहत नाहीत. ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काका, हे आपल्यात ठेवू. लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पुढून इंडिया लिहिलंय ना? सत्तावन्न लिहिलंय ना? ते खोटं नाही. पाठ बघतोय कोण?"

"पाठ मी बघितली," मामंजी म्हणाले. "आता मला पुढून बघता येत नाय."

अध्यक्ष गेले. मांडववाला मात्र थोडा रेंगाळला, आत डोकावून त्याने देव्हाऱ्याकडे एकदा पाहून घेतलं, आणि का कोण जाणे, नमस्कार करून गेला.

स्मृतिदिनाच्या सकाळी मामंजी आंघोळ करून देवघरात गेले. बऱ्याच वेळाने ताम्हन घेऊन बाहेर आले. सासूबाईंना वाटलं, खोळ समुद्रात सोडायला निघाले. त्या नारळ आणायला धावल्या. मी पाहिलं तर ताम्हनात पदक होतं. कुंकू पुसलेलं, कोरडं.

"मामंजी, ही समुद्रात नका टाकू. जुनी वस्तू आहे. मी शाळेत ठेवीन."

"काय म्हनून ठेवशील?"

"पदक म्हणून."

"मग घे. समुद्रात देव सोडतात. ही देव नाय, तर तिला समुद्राचा मान कशाला?" त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. जड होतं. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जड.

देव्हाऱ्यात खोळ होती. तिचे दोन तुकडे त्यांनी मेणाने जोडले होते, मधे जानव्याएवढी भेग दिसत होती. जी समुद्रात सोडायची ती ठेवली होती, आणि जी ठेवायची ती माझ्या हातात होती. चांदीचे दोन डोळे जिथे होते तिथेच. सासूबाई नारळ घेऊन आल्या आणि थबकल्या. शेजारची म्हातारी दारातून बघत होती. तिला सगळं कळलं होतं; मांडववाल्याला कळलं म्हणजे गावाला कळलंच. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "आमाला काय? डोळे तेच हायत."

मामंजींनी जाता जाता खोळीवरून बोट फिरवलं आणि ते कपाळाला लावलं. "राख" म्हणाले नाहीत. चपला घालून बसने पालघरला गेले. सभेला मीही शाळेतून गेले होते. व्यासपीठावर अध्यक्ष दोन शब्द बोलत होते. सत्तावन्न कोणाला भेटलं नाही. मामंजी मागे सतरंजीवर होते, कपाळावर शेंदराचं बोट, आणि आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे बघत होती ते त्यांना दिसत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी देवघरात डोकावले. मामंजींनी खोळ उलटी करून मांडीवर घेतली होती. आतल्या बाजूला पदकाचा ठसा राहिला होता: बाई उलटी, सिंह उलटा, अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी. त्यांनी वाटीत तेल आणि शेंदूर कालवला होता.

"बाहेरून पुष्कळ झाला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि बोटाने आतून शेंदूर भरायला लागले. सिंहापासून सुरुवात केली.